आई-बाबा, हे पत्र शी-शूबद्दल आहे

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं स्पीकर लावून बसता, आई विचारते दुखत नाही ना गं आता, मी म्हणते नाही दुखत, आणि ते खरंच आहे. पण त्याच्या पुढचं बाबांसमोर बोलायला मला कसंतरी होतं आणि बाबांना ऐकायलाही, म्हणून सरळ लिहूनच टाकते.

आधी बाबांचा प्रश्न, दुखणं गर्भपिशवीचं होतं तर ऑपरेशनला आतड्याचा सर्जन कशाला हवा होता. बाबा, एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं टिश्यू पिशवीच्या बाहेर वाढतं, ओव्हरीवर, ब्लॅडरवर, आतड्यावर, कुठेही चिकटतं. ५ मिलिमीटरपेक्षा खोल रुतलं की त्याला डीप म्हणतात आणि आतड्यात ते बहुतेक वेळा अगदी खालच्या भागात, रेक्टम आणि त्याच्या जरा वर बसतं. माझं रेक्टमलाच होतं. म्हणून तर पाळीत संडासला जायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा, आणि आई तू म्हणायचीस पाळीत पोट बिघडतंच. तुझ्यावर राग नाहीये गं, कितीतरी डॉक्टरही याला आयबीएस, म्हणजे आतड्याचा नेहमीचा पोट बिघडण्याचा त्रास, समजून गोळ्या देत राहतात आणि निदानाला वर्षंच्या वर्षं जातात.

आता मुद्द्याचं. लघवी लागलीय हे कळणं, ती धरणं, सोडणं, शीचंही तसंच, हे सगळं ज्या नसा सांभाळतात त्यांचं एक जाळं रेक्टमच्या दोन्ही बाजूंना असतं, आणि हा आजार नेमका त्यालाच खेटून वाढतो, सगळं चिकटून एक झालेलं असतं. सर्जन नसा शोधून, बाजूला करून, वाचवत वाचवतच कापतात, पण जिथे आजारच नसेला धरून बसलाय तिथे किती वाचवणार? आणि नस कापली गेली नाही तरी नुसत्या ओढाताणीने, सुजेनेही ती काही काळ झोपते.

तर माझं झालं असं की ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्ये लावलेली कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढली आणि लघवी लागल्याचं कळेचना. पोट तट्ट फुगायचं पण फीलिंगच नाही, आणि बसलं तरी थोडीशीच व्हायची. सोनोग्राफीत दिसलं की बरीच आत उरतेय. उरलेली लघवी म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण, शिवाय ब्लॅडर सारखं ताणलं गेलं की त्याचा स्नायूच ढिला पडतो, म्हणून मी आता एक बारीक नळी स्वतःच घालून ते रिकामं करते. आई, रडू नकोस. नर्सने शिकवलंय, दुखत नाही, काही मिनिटांचं काम आहे, आणि लघवी झाल्यावर आत उरलेली सतत १०० मिलीच्या खाली यायला लागली की बंद करायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय. बऱ्याच जणींचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटतं, थोड्या जणींचं सुटत नाही. माझे आकडे कमी होतायत.

शीचं प्रकरण वेगळं. रेक्टम ही साठवायची जागा, तिचा तुकडा काढून जोडल्यावर जागा लहान झाली, त्यामुळे एकदा जाऊन मोकळं होत नाही, थोडं थोडं, परत परत, आणि लागली की लागलीच, थांबता येत नाही. नुसता गॅस आहे की शी हेही पूर्वीसारखं ओळखू येत नाही. रेक्टमच्या ऑपरेशननंतरच्या या त्रासाला लार्स म्हणतात, त्याची ५ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती मुळात रेक्टमच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी २०१२ मध्ये आली होती, तेव्हा बाबा, गुगल करून कॅन्सर दिसला तर लगेच फोन करू नका!

आणि ‘ऑपरेशनने वाटोळं केलं’ हे सर्जनला ऐकवायला जाऊ नका प्लीज. आतडं नुसतं वरवर खरवडता आलं असतं तर त्रास कमी झाला असता, पण माझ्यात गाठ आरपार जाऊन आतडं अरुंद झालं होतं. हे सगळं होऊ शकतं हे मला आधीच समजावून सांगितलं होतं, मी विचारून विचारून डोकं खाल्लं होतं आणि मगच सही केली. शिवाय आधी तरी कुठे सगळं ठीक होतं, जोर लावल्याशिवाय लघवी व्हायची नाही, कॉन्स्टिपेशन होतंच, फक्त त्या दुखण्यापुढे ते कुणी मोजलं नाही, मी पण नाही.

सध्या पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे, व्यायाम चालू आहेत (कंटाळवाणे आहेत पण करतेय). दर ३ तासांनी अलार्म लावून लघवीला जाते, लागो न लागो. बोलताना मध्येच फोन ठेवते ते रागावून नाही, अलार्म वाजतो म्हणून.

तुम्ही याल तेव्हा बाथरूममधल्या नळ्यांचा डबा आवरून ठेवू नकोस आई, तो तिथेच लागतो, आणि मी आत असले की दारावर टकटक करून बरं आहे ना विचारू नका, घाई केली की अजिबातच होत नाही. बाहेर जायचं ठरलं तर मी आधी तिथे टॉयलेट आहे का ते विचारणार. बाबा, तुम्ही चिडणार नाही म्हणा, प्रोस्टेटचं सुरू झाल्यापासून तुम्हीही तेच विचारता.

तुमची लेक