डबा रिकामा पाठवू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या संध्याकाळची गोष्ट तुझ्या लक्षातही नसेल. तू सोप्यात बसून मोबाईलवर घराचा हप्ता भरत होतास. सूनबाई आतून मूठ मिटून आली, तुझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "ओळख बघू, काय आहे?" तू मान वर न करता म्हणालास, "ठेव तिथं, बघतो नंतर." ती जरा वेळ थांबली आणि तशीच मिटल्या मुठीनं आत गेली. मुठीत काय होतं ते मलाही कळलं नाही. पण ती मूठ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

तू वाईट वागलास असं मी म्हणत नाही. चार दिवस तुमचं बोलणं कानावर पडत होतं. गॅस नोंदवला का, व्हॅनवाल्याचे पैसे दिले का, छकुलीचा डोस कधी आहे. भांडण नाही, अबोला नाही, सगळं वेळच्या वेळी. म्हणूनच काही निसटतंय हे तुला जाणवलं नसणार.

तुमच्या लग्नात सुपारी सोडवायचा खेळ आठवतो? तिनं दोन्ही हातांनी सुपारी आवळून धरलेली आणि तुला एकाच हातानं सोडवायची होती. तिच्या मैत्रिणी ओरडून ओरडून बेजार. शेवटी तू तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलास, ती खळाळून हसली आणि मूठ सैल पडली. मग परातीतल्या पाण्यात अंगठी शोधताना तिनं तुला हरवलं. जुन्या माणसांनी हे खेळ हळदीच्या अंगानंच खेळायला लावले, संसाराचा हिशेब सुरू व्हायच्या आधी. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं की एकदा हिशेब सुरू झाला की हात एकमेकांच्या हातात यायला निमित्त लागतं. आपण मात्र परात घासून फळीवर ठेवली, की खेळही फळीवर.

आप्पांचं आणि माझं लग्न १९८६ सालचं. ते इथं कोल्हापुरात, उद्यमनगरात लेथ मशीनवर होते. दोन खोल्या, सात माणसं. नवराबायको मोकळेपणी हसली तरी सासूबाईंच्या भुवया चढायच्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, एवढी रीत आपल्याकडं सगळ्यांना माहीत असते. आप्पांनी ती माझ्या डब्याला लावली. संध्याकाळी घासायला डबा उघडला की आत काहीतरी असायचंच. कधी सोनचाफ्याचं फूल, कधी चार जांभळं. एकदा रुमालात गुंडाळलेला लोखंडाचा कीस निघाला, जिलबीसारखा वळलेला, उष्णतेनं निळी झाक आलेला. हाताला कापेल म्हणून रुमाल. मीही गप्प बसत नसे. भाकरीच्या घडीत चिठ्ठी ठेवायची, "भाजी न बघता ओळखा." रात्री वाढताना ते सगळ्यांदेखत नुसतं "दोडका" म्हणायचे आणि मला हसू आवरायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, दोडक्यात हसण्यासारखं काय आहे?

मग त्या अंथरुणाला खिळल्या. दोन वर्षं. त्या दिवसांत डबा कधी रिकामा यायला लागला ते मला सांगता येत नाही, आणि मला लागतं ते हेच. थांबला तो दिवस आम्हा दोघांपैकी कुणालाच दिसला नाही. एका रात्री पडल्या पडल्या आठवायला लागले, आज आपण काय बोललो? औषध, चादरी, दूधवाल्याचं बिल. पाच-सहा वाक्यं. शेजारी माणूस झोपलेला आणि मला त्याची आठवण येत होती. बाळा, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या डब्यामागं जपलेला तो निळा कीस काढला, रुमालात गुंडाळला आणि भाकरीवर ठेवून दिला. संध्याकाळी आप्पा आले ते सायकल लावून सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, मी डबा उघडेपर्यंत. आत दोन कीस होते, एकात एक अडकवलेले. त्यानंतरही दुखणं तसंच होतं, पैशाची ओढाताण तशीच होती. आधी निवांतपणा आला आणि मग आम्ही हसलो, असं झालं नाही.

तू म्हणशील, वेळ कुठाय आई. करवीर नगर वाचन मंदिरात मी एका प्रयोगाविषयी वाचलं. आर्थर अ‍ॅरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. जोडप्यांचं एकेक मनगट आणि घोटा एकत्र बांधले आणि हात न लावता एक उशी नेत त्यांना गाद्यांवरून रांगायला लावलं. आपली तीन पायांची शर्यतच की! काही जोडप्यांना त्याऐवजी साधं, कंटाळवाणं काम दिलं. धडपडत रांगलेल्यांना आपलं नातं नंतर जास्त बरं वाटलं. सगळा खेळ सात मिनिटांचा. सात मिनिटं तर तू लिफ्टची वाट बघत घालवत असशील.

एक मात्र सांभाळ. आपल्याकडं बायका "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात आणि मी रत्नागिरीची, "मी आले" म्हणणारी. नवी असताना आप्पांनी जावांपुढं माझी नक्कल केली. सगळे हसले, माझ्या घशात घास अडकला. रात्री मी तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या संध्याकाळी उंबऱ्यावर थांबून, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मी आले." मी आतून म्हटलं, "बसा, मी आलोच." तीच नक्कल, पण चारचौघांतून उचलून आमच्या दोघांत आणली, तेव्हा ती माझी झाली. जिची थट्टा, तिला हसू आलं पाहिजे. तिच्या माहेराची, तिच्या अंगाची, तिच्या पगाराची थट्टा कधी करू नकोस, एकांतातसुद्धा नाही.

आजही रंकाळ्याची फेरी संपवून आले की आप्पा दारातून तसंच म्हणतात. शेजारची नवी मंडळी बुचकळ्यात पडतात.

रविवारी तुझा मामेभाऊ तिकडं येतोय, त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू पाठवते आहे. पितळेच्या डब्यात तळाशी कागदाखाली एक सुपारी आहे. ती तिच्या आधी तू काढून घे. रात्री छकुली झोपली की मूठ आवळून तिच्यापुढं धर. आणि भाऊबीजेला तिच्या मुठीत काय होतं, ते विचार.

डबा त्याच्याबरोबरच परत पाठव. रिकामा नको.

तुझी
आई