प्रत्येक फाइलीला एकच माप: वर्कफ्लो बांधून देणाऱ्या ताईंना आभाराचे पत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

सुपर-रिझोल्यूशनच्या (नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे बारीक तपशील दाखवणाऱ्या पद्धतीच्या) डेटासाठी तुम्ही बांधून दिलेला वर्कफ्लो, म्हणजे टप्प्याटप्प्याने आपोआप चालणारे विश्लेषण, आम्ही सगळेच वापरतो. तोंडी आभार कधीच मानून झाले, पण तेवढ्याने भागत नाही, कारण तुम्ही नेमके काय करून दिलेत ते वरवर पाहणाऱ्याला कळत नाही. त्याला दिसतो तो वेग: संध्याकाळी फोल्डर लावले, सकाळी तक्ते तयार. खरे काम त्या वेगाच्या खाली आहे. ते नीट मांडावे आणि असाच डेटा पुढ्यात घेऊन बसलेल्या इतरांनाही त्यातले उचलता यावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

एका फिल्मचा हिशोब घ्या. २५६ × २५६ पिक्सेल, १६ बिट, २०,००० फ्रेम, झाले २.६ जीबी. तीन गट आणि प्रत्येक गटात १५ पेशी धरल्या, तर ४५ फिल्म आणि जवळपास ११८ जीबी. एवढे हाताने उघडून, प्रत्येक वेळी थ्रेशोल्ड (कोणता ठिपका खरा धरायचा ती मर्यादा) डोळ्यांनी ठरवत गेले तर दहाव्या फाइलीचा थ्रेशोल्ड पहिलीसारखा राहत नाही. फिल्म फिकट असली की हात नकळत सैल पडतो, भगभगीत असली की आवळतो. मग एका गटात क्लस्टर (रेणूंचे पुंजके) जास्त निघाले, ते पेशींमुळे की थ्रेशोल्डमुळे, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. तुमच्या वर्कफ्लोने हा प्रश्नच मुळातून काढून टाकला. ४५ फाइलींना एकच माप लागते आणि ते माप कागदावर असते.

२००६ मध्ये पाम आणि स्टॉर्म या सुपर-रिझोल्यूशनच्या पद्धती आल्या तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. रेणू थोडेथोडे करून लुकलुकवायचे, प्रत्येक ठिपक्याचे केंद्र गणिताने शोधायचे आणि त्या केंद्रांतून चित्र उभे करायचे. म्हणजे चित्र कॅमेऱ्यात नसतेच, ते विश्लेषणातून घडते. म्हणून इथे सॉफ्टवेअरमधला एक चुकीचा आकडा भिंग खराब असण्याइतकाच महाग पडतो.

सर्वांत जास्त आभार कॅमेऱ्याच्या पानासाठी. पिकासो या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला आज्ञावलीतून चालवताना कॅमेऱ्याचे आकडे दिले नाहीत, तर ते बेसलाइन (प्रकाश नसतानाही कॅमेरा दाखवतो तो आकडा) ० आणि सेन्सिटिव्हिटी (कॅमेऱ्याच्या एका काउंटमागे किती इलेक्ट्रॉन) १ धरते. साध्या एससीमॉस कॅमेऱ्याची बेसलाइन मात्र १०० काउंटच्या आसपास असते आणि एका काउंटमागे इलेक्ट्रॉन साधारण ०.४६. आता काय होते पाहा. सेन्सिटिव्हिटी १ राहिली की फोटॉन खऱ्यापेक्षा २.२ पट दिसतात, आणि अचूकता (ठिपक्याचे केंद्र किती नेमके सापडले) फोटॉनच्या वर्गमुळावर चालत असल्याने ती जवळपास दीडपट चांगली भासते. त्याच वेळी न वजा केलेले १०० काउंट पार्श्वभूमीत मिसळतात आणि अचूकता वाईट दाखवतात. दोन्ही चुका उलट दिशांना ओढतात, आणि शेवटी जो आकडा निघतो तो अगदी पटण्याजोगा असतो. म्हणूनच ही चूक नुसत्या नजरेने सापडत नाही. तुम्ही प्रत्येक कॅमेऱ्याचे बेसलाइन, सेन्सिटिव्हिटी, गेन आणि पिक्सेलचा आकार एका यामल (साध्या मजकुराच्या) फाइलीत लिहून ठेवलेत, फिल्मच्या मेटाडेटामधून (फाइलीसोबतच्या नोंदींतून) कॅमेरा ओळखायला लावलात, आणि कॅमेरा ओळखता आला नाही तर वर्कफ्लो अंदाज न करता तिथेच थांबेल अशी सोय केलीत. त्या थांबण्याची किंमत फार मोठी आहे.

त्याच फाइलीतली आणखी एक शिस्त: सगळी अंतरे नॅनोमीटरमध्ये. क्लस्टरची त्रिज्या ०.३ पिक्सेल असे कोणी लिहिले, तर १३० नॅनोमीटरच्या पिक्सेलला ती ३९ नॅनोमीटर होते आणि ६५ च्या पिक्सेलला १९.५. दोन सूक्ष्मदर्शकांवरचा डेटा शेजारी ठेवला की फरक पेशींचा वाटतो आणि असतो पिक्सेलचा. फिटिंगच्या चौकटीचेही तसेच. ठिपक्याचा सिग्मा (पसरण्याचे माप) १३० नॅनोमीटर धरला, तर १३० च्या पिक्सेलवर ७ पिक्सेलची चौकट दोन्ही बाजूंना तीन सिग्मा पुरते. ६५ च्या पिक्सेलवर तीच चौकट ठिपक्याच्या कडा कापते; तिथे १३ लागते. आता चौकट वर्कफ्लो स्वतः मोजतो, कोणाला लक्षात ठेवावे लागत नाही.

फाइल उघडण्यातली खाचही तुम्ही आधीच बुजवलीत. कॅमेरा चालवणारे मायक्रो-मॅनेजर मोठी फिल्म ४ जीबीला तोडते. २५६ × २५६ च्या फिल्ममध्ये हा तोडा ३२ हजार फ्रेमच्या पुढे येतो, आणि मग त्याच नावापुढे _१, _२ लागलेले तुकडे फोल्डरमध्ये दिसतात. साधा लूप प्रत्येक तुकड्याला वेगळी फिल्म समजतो. वर फाइली वाचणाऱ्या बायो-फॉरमॅट्सला कोणताही एक तुकडा दिला तरी मेटाडेटा वाचून ते सगळी फिल्म उघडते. म्हणजे तीन तुकड्यांची फिल्म तीनदा मोजली जाते आणि तक्त्यात तीन पेशी म्हणून बसते! तुमची यादी फक्त पहिला तुकडा घेते, उघडल्यावर फ्रेमची संख्या मेटाडेटाशी ताडून पाहते आणि जुळली नाही तर फाइल बाजूला काढते.

थ्रेशोल्ड ठरवण्याची तुमची रीत आम्ही नव्या माणसाला पहिल्यांदा शिकवतो. फक्त सुरुवातीच्या फ्रेम पाहून तो ठरवायचा नाही. डीस्टॉर्ममध्ये (स्टॉर्मच्याच एका प्रकारात) सुरुवातीला रेणू दाटीने चमकतात, दोन ठिपके एकमेकांवर चढतात आणि फिटिंग त्यांचा एकच रुंद ठिपका करते. त्याचे केंद्र दोघांच्या मधोमध, जिथे काहीच नाही. म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणच्या फ्रेम, प्रत्येक गटातून निदान दोन फिल्म, शिवाय प्राथमिक प्रतिपिंड (शोधायच्या रेणूला चिकटणारे) न घातलेला नमुना, एवढे पाहून एक आकडा ठरवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. अजून दाटी असलेल्या सुरुवातीच्या फ्रेम वगळायच्या, पण सगळ्या फाइलींतून तेवढ्याच.

आता क्रम. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे घोटाळा झाला की कुठलीच सूचना येत नाही, तक्ता निमूट भरून येतो. तुमचा क्रम असा: लोकलायझेशन (ठिपक्यांची केंद्रे शोधणे), ड्रिफ्ट (फिल्म घेताना नमुन्याचे हळूहळू सरकणे) काढणे, नीना पद्धतीने अचूकता मोजणे, गाळणी, जोडणी (लागोपाठच्या फ्रेममधले एकाच रेणूचे बिंदू एक करणे), खुणेसाठी घातलेले सोन्याचे मणी काढून टाकणे, आणि मग क्लस्टर.

ड्रिफ्ट जोडणीच्या आधी का? मणी प्रत्येक फ्रेममध्ये दिसतो. आधी जोडणी केली तर हजारो फ्रेममधला मणी आकसून एका बिंदूवर येतो आणि ड्रिफ्टचा माग काढायला खूण उरत नाही. मणी नसतील तर फिल्मचे तुकडे करून त्यांची एकमेकांशी तुलना होते. १,००० फ्रेमचा एक तुकडा घेतला तर २०,००० फ्रेमचे २० तुकडे पडतात. तुकडा फार लहान केला तर त्यात बिंदू कमी पडतात आणि ड्रिफ्टची रेघ थरथरते. फार मोठा केला तर तुकड्याच्या आतला ड्रिफ्ट तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाची स्टेज नुकतीच स्थिरावत असताना घेतलेल्या फिल्मला हा दुसरा त्रास हमखास होतो.

नीना जोडणीच्या आधी का? ती पद्धत लागोपाठच्या फ्रेममध्ये दिसलेल्या त्याच रेणूच्या दोन ठिकाणांमधले अंतर मोजते. जोडणीने नेमक्या त्याच जोड्या एक केलेल्या असतात, तेव्हा जोडणीनंतर नीना चालवली तर ती शेजारच्या परक्या रेणूंचे अंतर मोजत बसते. आकडा मिळतो, फक्त तो अचूकतेचा नसतो.

आणि मणी क्लस्टरच्या आधी काढायचे कारण उघड आहे: मणी काढला नाही तर फिल्ममधला सर्वांत घट्ट क्लस्टर तोच.

जोडणीची मर्यादा तुम्ही अंदाजाने ठेवली नाहीत. अंतर नीनाच्या आकड्याच्या तिप्पट, अंधाऱ्या फ्रेम १. तेवढे पुरते, तरी ती जोडणी सर्व पुन्हा चमकणे पकडत नाही. काही सेकंदांनी परत उजळलेला रेणू नवा म्हणूनच मोजला जातो, आणि एकटा रेणू चार-पाच बिंदूंचा क्लस्टर होऊन बसतो. अंधाऱ्या फ्रेमची मुदत वाढवावी तर दाट भागात वेगवेगळे रेणू एक होतात. यावर तुम्ही घातलेला उपाय आम्हांला फार आवडतो: कव्हरस्लिपवर विरळ पसरलेल्या एकट्या प्रतिपिंडांची फिल्म त्याच वर्कफ्लोमधून न्यायची, एका प्रतिपिंडामागे किती बिंदू येतात ते पाहायचे आणि क्लस्टर शोधणाऱ्या डीबीस्कॅन पद्धतीतली बिंदूंची किमान संख्या त्याच्या वर ठेवायची. शिवाय प्रत्येक पेशीच्या चौकटीत तेवढेच बिंदू यादृच्छिक विखरून त्यांवरही तेच डीबीस्कॅन चालते. ज्या पेशीत बिंदूच दाट आहेत तिथे निव्वळ योगायोगाने किती क्लस्टर पडतात, ते शेजारच्या रकान्यात दिसते. तो रकाना पाहिल्याशिवाय आता आमच्यातले कोणी क्लस्टरबद्दल बोलत नाही.

अपयशी फाइलींबद्दलचा तुमचा आग्रह सुरुवातीला जाचक वाटू शकतो, पण तो सर्वांत प्रामाणिक भाग आहे. एक फाइल पडली म्हणून बाकीच्या थांबत नाहीत, हे बरेच वर्कफ्लो करतात. तुमच्या तक्त्यात मात्र पडलेल्या फाइलीचीही ओळ असते, कारणासकट: बिंदू अपुरे, ड्रिफ्ट जुळला नाही, मेटाडेटा नाही. फिकट फिल्म जास्त पडतात, आणि फिकट फिल्म बहुधा एकाच गटात साचलेल्या असतात. त्या ओळी गळून गेल्या की उरलेली सरासरी आपसूक एका बाजूला कलते. फाइल नाकारण्याचे निकषही डेटा पाहण्याआधी लिहिलेले, आणि फाइलींची नावे सांकेतिक, त्यामुळे ‘ही पेशी चांगली दिसत नाही’ या सबबीला वाव राहत नाही. प्रत्येक फाइलीमागे एक पान निघते: फ्रेममागे बिंदू, फोटॉनचा आलेख, ड्रिफ्टची रेघ, अचूकता. ४५ पाने चाळायला फार वेळ लागत नाही आणि बिघडलेली फिल्म लगेच डोळ्यांत भरते.

शेवटचा तक्ता क्लस्टरवार न देता पेशीवार दिलात, याबद्दलही मनापासून धन्यवाद. एका पेशीत शेकडो क्लस्टर असतात. ते स्वतंत्र नमुने म्हणून मोजले तर कुठलाही क्षुल्लक फरक लक्षणीय ठरतो. तुमच्या तक्त्यात क्लस्टरची पेशीतली सरासरी, पेशींची प्रयोगातली सरासरी, आणि तुलना प्रयोगांमध्ये. संख्या लहान होते, पण ती खरी असते.

वेगाबद्दल थोडक्यात, कारण तो सांगायला सगळ्यांना आवडतोच. नेटवर्कवरच्या डिस्कवरून थेट वाचल्यास वेळ वाचण्यातच जातो; आधी स्थानिक एसएसडीवर नकल केली की प्रोसेसर रिकामे बसत नाहीत. एका वेळी किती फाइली चालवायच्या ते मेमरीवर ठरवायचे, कोअरच्या संख्येवर नाही. टप्पे चालवणाऱ्या स्नेकमेक या साधनामुळे एखादा पॅरामीटर बदलला तर त्याच्या पुढचेच टप्पे पुन्हा चालतात. क्लस्टरची त्रिज्या बदलली म्हणून ११८ जीबीचे लोकलायझेशन पुन्हा करावे लागत नाही. पिकासोच्या, बिंदू साठवणाऱ्या प्रत्येक एचडीएफ५ फाइलीसोबत असलेली यामल फाइल कधीही वेगळी करायची नाही, हा तुमचा नियमही आम्ही पाळतो. कोणता टप्पा कोणत्या आकड्यांनी झाला ते त्या जोडीदार फाइलीत ओळीने लिहिलेले असते, आणि ती नसेल तर बिंदू कुठून आले हे सांगणारे काही उरत नाही.

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या गोठवून ठेवलेले एन्व्हायरन्मेंट आणि डीएनए ओरिगामीची (डीएनएच्या घड्या घालून बनवलेल्या ठरलेल्या रचनेची) ती चाचणी फिल्म, या दोन्ही गोष्टी आता कायमच्या झाल्या आहेत. ओरिगामीवरच्या ठिपक्यांमधले अंतर २० नॅनोमीटर, ते आधीच ठाऊक असलेले. कुठलेही पॅकेज अद्ययावत केले की आधी ती फिल्म चालते, अंतर २० च्या आसपास आले आणि बिंदूंची संख्या जुळली, तरच खरा डेटा पुढे जातो.

आता एक विनंती. दोन रंगांच्या फिल्मसाठी रंगांची जुळवणी अजून हाताने होते. मण्यांच्या चित्रावरून काढलेले रूपांतर, आणि जुळवणीत न वापरलेल्या मण्यांवर मोजलेली उरलेली चूक, असे दोन टप्पे ड्रिफ्टनंतर बसवायचे आहेत. मसुदा तयार आहे. सवडीने त्यावर नजर टाकलीत तर फार बरे होईल. उरलेली चूक किती नॅनोमीटरपर्यंत चालवून घ्यायची, हे तुमच्याशी बोलूनच ठरवू.

कळावे, लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
वर्कफ्लो रोज वापरणारे सगळे