कॅसेटचा आवाज संगणकात बिघडतो तो कुठे?

महोदय,
माळ्यावर पडलेल्या कॅसेट – कीर्तने, घरगुती बैठका, आजीच्या ओव्या – संगणकावर उतरवायला घ्यायच्या आणि आवाज फाटका आला की ‘टेपच गेली’ म्हणून सोडून द्यायचे, असे सर्रास होते. बहुतेक वेळा टेप ठणठणीत असते. वायर भलतीकडे खोचलेली असते.

डेस्कटॉपच्या मागचे गुलाबी भोक माइकचे, हिरवे स्पीकरचे आणि निळे लाइन-इनचे, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घेण्याचे. डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) ‘लाइन आउट’ या आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून साधारण पाव ते अर्धा व्होल्ट येतो. माइकचे भोक काही मिलिव्होल्टसाठी केलेले, वर आवाज २०-३० डेसिबलने वाढवणारा बूस्ट. तिथे डेक जोडला की आवाज फाटणारच, आणि एकदा फाटून रेकॉर्ड झालेला आवाज नंतर धड सुधारत नाही. म्हणून निळेच वापरावे. लॅपटॉपला बहुधा ते नसतेच. हेडफोन-माइकचे एकच सामाईक भोक असते आणि त्यातला माइक मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा. अशा वेळी डाव्या-उजव्या चॅनलची दोन आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांची) लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी डबी, घ्यावा. दुकानात हमखास पुढे केले जाणारे अंगठ्याएवढे ‘यूएसबी साउंड कार्ड’ इथे कुचकामी; त्यालाही सहसा मोनो माइकच असतो.

विंडोजमध्ये ‘साउंड’च्या जुन्या कंट्रोल पॅनलमधला ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडावा. लाइन-इन दिसत नसेल तर मोकळ्या जागी राइट क्लिक, ‘शो डिसेबल्ड डिव्हायसेस’, मग ‘एनेबल’. प्रॉपर्टीजमधली सगळी ‘एन्हान्समेंट्स’ (आवाज आपोआप ‘सुधारणाऱ्या’ सोयी) बंद करावीत. त्यातले नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट दाबणे, बोलण्यासाठी बनवलेले असते; सलग झंकारणारा तानपुरा त्याला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसायला लागते. मग गाणे मध्येच बुडते, मध्येच वर येते. सगळे जोडूनही रेकॉर्डिंगमधली आवाजाची रेघ सपाटच राहिली तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमधली मायक्रोफोनची परवानगी तपासावी. लाइन-इनलाही तीच लागते.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ, ४४१०० हर्ट्झ पुरे. आधी कॅसेटमधला सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग वाजवून मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावावी. १६ बिट वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी लागतात. जागा वाचवायला थेट एमपी३ करू नये. ती मूळ वेव्हवरून केव्हाही करता येते.

मागे गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. थांबली तर दोष अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा. बॅटरीवरच रेकॉर्ड करावे. डेस्कटॉप असेल तर तो आणि डेक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत.

डेकचे हेड (टेप वाचणारा भाग) आणि टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून कोरडे होऊ द्यावेत. आणि कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची पाती मोडून टाकावीत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबायला गेले तरी ते दबणार नाही.

– एक वाचक, ठाणे