‘बहिणी किती?’ असं विचारणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने तुमच्या घरी पाठवता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांसमोर लिहिते आहे. मराठी माध्यमात शिकून इंग्रजी कागदांच्या गराड्यात नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. शब्द सगळे कळतात, पण वाक्य हाती लागत नाही, ही त्यांची अडचण मला ठाऊक आहे. तुम्ही मला शिकवलंत ते त्यांच्यापर्यंत पोचावं. शिवाय, उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या माणसाचे आभार कुणीतरी जाहीरपणे मानायला हवेत.

वकिलांच्या ऑफिसात लागले त्या सुमारास एका मृत्युपत्राचा मसुदा पाहून माझं डोकं चालेना, म्हणून त्यातली एक ओळ उतरवून तुमच्याकडे आले होते. ‘माय सिस्टर हू लिव्ह्ज इन नाशिक’ हिला घर द्यावं, एवढाच मजकूर. तुम्ही तो वाचलात आणि विचारलंत, “बहिणी किती?” मला प्रश्नाचा रोखच कळला नाही. मग तुम्ही ‘सिस्टर’नंतर एक आणि ‘नाशिक’नंतर एक असे पेन्सिलीने दोन स्वल्पविराम दिलेत. आता बहीण एकच, आणि ती नाशिकला राहते ही जाता जाता सांगितलेली गोष्ट. उद्या ती साताऱ्याला जाऊन राहिली तरी घर तिचंच. मग खोडरबराने दोन्ही स्वल्पविराम पुसलेत. आता बहिणी एकाहून जास्त, आणि त्यांतली घर मिळणारी कोणती, हे ‘नाशिक’ या शब्दावरच ठरणार. शब्द तेच, क्रम तोच. इतकी वर्षं शाळेत मी स्वल्पविराम म्हणजे थोडं थांबायची जागा, एवढंच ऐकलं होतं. कोणता शब्द कोणाच्या घरचा, हे तो सांगतो, हे मला त्या दिवशी तुमच्याकडून कळलं.

नियमांची यादी तुम्ही मला कधीच दिली नाहीत. चिन्हं काढून टाकलेलं वाक्य हातात ठेवायचं आणि यातून दोन अर्थ काढून दाखव म्हणायचं, ही तुमची पद्धत. ‘वुमन विदाउट हर मॅन इज नथिंग’ हे असंच दिलं होतंत. ‘विदाउट हर मॅन’ला दोन्हीकडून स्वल्पविराम दिले की पुरुषावाचून बाई शून्य. तेच ‘वुमन’नंतर अपूर्णविराम आणि ‘हर’नंतर स्वल्पविराम दिला की बाईवाचून पुरुष शून्य. दुसरा अर्थ सापडेपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नव्हतात.

आणि ते ‘हॅड’चं वाक्य! जेम्स व्हाइल जॉन, पुढे सलग अकरा ‘हॅड’, आणि शेवटी ‘अ बेटर इफेक्ट ऑन द टीचर’. जुन्या प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर ते लिहून तुम्ही माझ्यापुढे सरकवलंत. मला वाटलं, छपाईतच काहीतरी बिघडलंय. तुम्ही सांगितलंत, आधी दोन मुलांची उत्तरं शोध. परीक्षेत जॉनने ‘हॅड’ लिहिलं होतं, जेम्सने ‘हॅड हॅड’. ती दोन उत्तरं अवतरणचिन्हांत घातली आणि बाकीचे ‘हॅड’ क्रियापदाच्या कामाला लागले. ‘जेम्स’नंतर स्वल्पविराम, जॉनचं उत्तर संपलं तिथे दुसरा, जेम्सचं उत्तर संपलं तिथे अर्धविराम. अर्धविरामानंतर पुन्हा अवतरणातलं ‘हॅड हॅड’ आलं, आणि बाईंना तेच जास्त पसंत पडलं, असा सरळ अर्थ निघाला. ज्यातून काहीच निघत नव्हतं ते वाक्य डोळ्यांसमोर उलगडलं, तेव्हा झालेला आनंद मला आजही जसाच्या तसा आठवतो.

‘लेट्स ईट ग्रँडमा’ हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण मला तुमच्याइतकंच कमी आवडतं. स्वल्पविराम नसला तरी आजीला कुणी खाणार नाही, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. फसगत होते ती दोन्ही अर्थ सारखेच पटण्याजोगे असतात तिथे. म्हणूनच तुम्ही जपून ठेवलेलं ओकहर्स्ट डेअरीच्या खटल्याचं कात्रण मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात जादा वेळेच्या दीडपट मजुरीतून काही कामं वगळली होती. नाशवंत माल, मांस-मासळी वगैरेंचं ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’, अशी ती यादी. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. डेअरीच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर म्हणाले, यादीतलं शेवटचं काम पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. आम्ही माल पोचवतो, पॅकिंग करत नाही, तेव्हा आमची दीडपट मजुरी द्या. डेअरी म्हणाली, वितरण हे वेगळं काम आहे आणि तेही वगळलेलं आहे. मेनमध्ये कायदे लिहिणाऱ्यांना दिलेल्या सूचनांतच यादीतल्या शेवटच्या कामाआधी स्वल्पविराम देऊ नका असं म्हटलं होतं, त्यामुळे डेअरीचीही बाजू लंगडी नव्हती. पण ड्रायव्हरांनी शब्दांच्या शेपटीवर बोट ठेवलं: बाकी सगळी कामं ‘इंग’ने संपतात, ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्युशन’ तेवढे तसे संपत नाहीत, म्हणून ते दोन्ही पॅकिंगच्याच पदरात. खालच्या कोर्टाने डेअरीचं ऐकलं. अपील कोर्टाने २०१७ साली वाक्य संदिग्ध ठरवलं, आणि मजुरीच्या कायद्यात संदिग्धता असेल तर अर्थ कामगारांच्या बाजूने लावायचा, असं म्हणून निकाल फिरवला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे त्या राज्याने यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली आणि ‘डिस्ट्रिब्युशन’चं ‘डिस्ट्रिब्युटिंग’ केलं. हे वाचल्यापासून कुठलीही यादी आली की शेवटचे दोन शब्द मी वेगळे काढून बघते.

आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी जर्मनीची मदत मिळवू पाहणाऱ्या रॉजर केसमेंटची गोष्टही तुम्हीच सांगितलीत, आणि त्या वेळी तुमचा आवाज बदलला होता. १९१६ साली लंडनमध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. कायदा १३५१चा, जुन्या फ्रेंचमधला, विरामचिन्हांशिवाय लिहिलेला. ‘राज्यात किंवा अन्यत्र’ यातलं ‘अन्यत्र’ नक्की कशाला लागू, त्यावर जर्मनीत केलेली कृत्यं गुन्ह्यात बसतात का हे ठरणार होतं. अर्थ त्यांच्या विरुद्ध लागला आणि त्यांना फाशी झाली. त्यांना स्वल्पविरामाने फासावर चढवलं, असं त्यांच्याबद्दल आजही म्हटलं जातं.

आपल्याकडच्या मोडी कागदांत तर शब्दसुद्धा सुटे नसत. मराठीत ही चिन्हं रुळावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी खटपट केली, हे तुम्ही सांगायचात ते एखाद्या घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं.

काका, तुम्ही माझ्याकडून कधी एक पैसा घेतला नाहीत. चहा घेतलात, तोही तुमच्याच घरचा. मी करार वाचताना आज घाबरत नाही, पक्षकाराला तोंडावर सांगू शकते की साहेब, ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात, आधी तुम्हाला कोणता हवा ते ठरवा. वकीलसाहेब आता मसुदा बाहेर जाण्याआधी माझ्या टेबलावर पाठवतात. हे सगळं तुमच्या पेन्सिलीचं देणं आहे आणि ते मी मनापासून मानते.

आता एक विनंती. ऑफिसात नवी मुलगी लागली आहे, हुशार आहे. परवा तिच्यापुढे एका कंपनीचं पत्र आलं. त्यात मॅनेजर करारावर पुन्हा सही करणार असं म्हणायचं होतं, पण ‘रि’ आणि ‘साइन’मधली छोटी आडवी रेघ टाइप करताना गळल्यामुळे तो राजीनामा देणार असं झालं होतं. तिने ते माझ्याआधी पकडलं. तिला मी तुमचा पत्ता दिलाय, शनिवारी दुपारी येईल. तिला आधी ‘हॅड’चं वाक्य द्या, केसमेंट नंतर सांगा. आणि उत्तर मात्र लवकर सांगू नका.

काकूंना नमस्कार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची टायपिस्ट