जुन्या संगणकांसाठीच्या नेटवर्क प्रिंट सेवेबाबत तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक

विषय: सर्व्हरची सुरक्षा सैल करून केलेली प्रिंट सेवेची जोडणी दुरुस्त करून मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या पतसंस्थेत विंडोज एक्सपीचे ५ आणि विंडोज ७चे ४ संगणक आहेत. या सगळ्यांना विंडोज सर्व्हर २०१९वरून एक लेसर आणि एक १३६ कॉलमी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वापरता यावा, एवढे काम आपल्याकडे दिले होते. प्रिंट निघते, हे मान्य. ती ज्या मार्गाने काढली आहे, त्याबद्दल ही तक्रार आहे.

आपल्या तंत्रज्ञाने सर्व्हरवर एसएमबी१ (विंडोजमधली फाइल व प्रिंटर शेअर करण्याची सर्वांत जुनी पद्धत) चालू केला. कारण विचारल्यावर ‘जुन्या मशीनना लागतोच’ असे उत्तर मिळाले. ते अर्धेच खरे आहे. विंडोज ७ला त्याची पुढची आवृत्ती, एसएमबी २.१ येतो, त्याला एसएमबी१ची गरज नाही. गरज फक्त एक्सपीला, आणि तीही प्रिंटर विंडोज शेअरिंगने जोडला तरच. सर्व्हर २०१९मध्ये एसएमबी१ मुळात बसवलेलाच येत नाही, तो मुद्दाम घालावा लागतो. २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी१मधल्या त्रुटीतून पसरला होता. ज्या सर्व्हरवर सभासदांची खाती आहेत, तिथेच हे दार प्रिंटसाठी उघडून ठेवणे आम्हाला मान्य नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. विंडोज ७वर ‘११बी’ एरर आली म्हणून सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या नोंदवहीत) प्रिंटच्या कीखाली ‘आरपीसी ऑथ्न लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड’ ही नोंद शून्य करून ठेवली आहे. ही एरर म्हणजे बिघाड नव्हे. सप्टेंबर २०२१च्या अपडेटपासून सर्व्हर प्रिंटच्या जोडणीसाठी वरच्या दर्जाची ओळखतपासणी मागतो. आमच्या विंडोज ७वर त्यासाठीचे अपडेट नाही, म्हणून सर्व्हर त्यांना नकार देतो. आपण नकाराचे कारण न शोधता तपासणीच बंद केली, आणि ती फक्त जुन्या चार मशीनपुरती नव्हे, सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रत्येकासाठी. याची लेखी नोंदही दिलेली नाही. आमच्या तपासणीत ती सापडली.

या दोन्हींची गरजच नव्हती. सर्व्हर २०१९मध्ये एलपीडी सेवा आहे; ती एलपीआर या जुन्या, साध्या पद्धतीने नेटवर्कवरून आलेली प्रिंटची कामे घेते. मायक्रोसॉफ्टने तिला जुनी ठरवले असले, तरी ती आजही बसते आणि पोर्ट ५१५वर चालते. एक्सपी आणि ७ दोघांच्या ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’मध्ये एलपीआरचा पर्याय तयारच असतो. आपल्या तंत्रज्ञाने एका एक्सपीवर हे करून पाहिले आणि ‘चालत नाही’ म्हणून सोडून दिले. तो पोर्ट आम्ही उघडून पाहिला. रांगेचे नाव ‘लेसर हिशोब’ असे, मध्ये मोकळी जागा सोडून लिहिलेले. तिथे सर्व्हरवरचे शेअर नाव जसेच्या तसे, एका शब्दात हवे. ‘एसएनएमपी स्टेटस’ची (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारण्याच्या सोयीची) खूण तशीच होती. त्यामुळे एक्सपी सर्व्हरला प्रिंटर समजून त्याची खुशाली विचारतो, उत्तर येत नाही आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. ‘एलपीआर बाइट काउंटिंग’ची खूण नव्हती. एलपीआरमध्ये मजकुराआधी त्याचा आकार कळवावा लागतो. ही खूण नसली की एक्सपी अंदाजाने मोठा आकडा ठोकून देतो आणि काही सर्व्हर ते काम घेतच नाहीत. एक नाव आणि दोन खुणा, एवढाच प्रश्न होता.

या पद्धतीत ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) क्लायंटवरच, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावर बसतो, म्हणून प्रिंटर जोडताना ‘नेटवर्क प्रिंटर’ न निवडता ‘लोकल प्रिंटर’ निवडून नवा पोर्ट करायचा. लेसरचा ३२ बिटचा एक्सपी ड्रायव्हर मिळत नाही, ही आपली अडचण खरी आहे. पण तो प्रिंटर पीसीएल ५ ही प्रिंटरची भाषा समजतो, त्यामुळे एक्सपीतला ‘एचपी लेसरजेट ४’चा ड्रायव्हर पुरेसा आहे. एलपीआरमध्ये पासवर्ड नसतो, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट ५१५ या नऊ संगणकांच्या आयपीपुरताच (नेटवर्कवरच्या पत्त्यांपुरताच) उघडा ठेवावा आणि ते आयपी कायमचे बांधून द्यावेत.

किर्द आणि खतावणी एक्सपीवरच्या डॉसमधल्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधून निघते आणि तो एलपीटी१ या संगणकाच्या जुन्या प्रिंटर पोर्टलाच छापतो. त्यासाठीसुद्धा सर्व्हरवर एसएमबी१ लागत नाही. एलपीआर पोर्टवरचा डॉट मॅट्रिक्स त्याच एक्सपीवर शेअर करावा आणि ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ स्वतःच्याच शेअरला कायमचा जोडावा.

डॉट मॅट्रिक्सचे पान सरकते, ही तक्रार तोंडी दोनदा दिली. आमचा कंटिन्युअस कागद १२ इंची, म्हणजे इंचाला ६ ओळींच्या हिशोबाने ७२ ओळींचा. जोडणीच्या दिवशी प्रिंटर फॅक्टरी सेटिंगवर नेला गेला आणि पानाची लांबी ११ इंच, म्हणजे ६६ ओळी झाली. परिणामी दर पानाला मथळा सहा ओळी वर चढतो, छिद्रांच्या रेघेवर शिल्लक छापली जाते आणि तेराव्या पानाला सगळे आपोआप जुळते. म्हणून चाचणीचे एक पान काढून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला हा दोष दिसला नाही. लांबी प्रिंटरच्या पॅनेलवरून १२ इंच करावी आणि चाचणी किमान चार पानांच्या किर्दीची घ्यावी.

सात दिवसांत एसएमबी१ काढून, रजिस्ट्रीतली ती नोंद पूर्ववत करून वरीलप्रमाणे जोडणी करावी. क्रम मात्र उलटा ठेवावा: आधी नऊही संगणक एलपीआरवर आणावेत, मग जुने मार्ग बंद करावेत, नाहीतर काउंटरवरच्या पावत्या थांबतील. सर्व्हरवर आजवर केलेल्या प्रत्येक बदलाची जुन्या आणि नव्या मूल्यांसह सही केलेली यादी द्यावी. ती मिळेपर्यंत बिलाची उर्वरित रक्कम अदा होणार नाही.

कळावे.

आपला,
संगणक विभागप्रमुख