आई, तुझं नाव देऊन टाकलंय

तीर्थरूप आई-आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई 'बघू गं' म्हणून विषय बदलणार, म्हणून लिहितेय. १२ मेला परिचारिका दिनाचे सत्कार आहेत आमच्या कॉलेजात आणि त्यात आईचं नाव मी दिलंय. पत्रिका छापायलाही गेली. सर्व्हिस बुकाची झेरॉक्स आबांनी काढून दिली, तेव्हा रागवायचं असेल तर निम्मं तिकडं.

आई, तू म्हणणार, एवढ्या शिकलेल्या लोकांत माझं काय काम? यादी मोठी आहे, नाही कशाला म्हणू? दोन मॅडमची पीएच.डी. झाली. एकीचा बेडसोअरवरचा, म्हणजे अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमांवरचा, पेपर छापून आला. एसएनएच्या, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या, राज्य स्पर्धेत आमच्या मुलींनी पोस्टरला पहिलं बक्षीस आणलं. त्यातली एक शिरोळकडची, २०१९ च्या पुरात तिच्या घरात पाणी शिरलेलं, आणि पोस्टरचा विषय तिनंच धरला, पुरानंतरचा लेप्टो, घाण पाण्यातून होणारा ताप. चिखलातून अनवाणी चालू नका, पायाला जखम असेल तर झाकून घ्या, ताप आला की अंगावर काढू नका. एवढं साधं, पण काय नेमकं मांडलंय पोरीनं! तू पाहायला हवंस.

पण तो बेडसोअरचा पेपर मी वाचला. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती ठेवू नका, टाचा तपासा. हे तू वॉर्डात पोरींकडून ओरडून करून घ्यायचीस, नाइटलासुद्धा. तुझ्या हाताखाली शिकलेल्या आज कुठंकुठं इन्चार्ज आहेत. तेव्हा कुणी ते लिहून ठेवलं नाही, म्हणून यादीत बसत नाही. मी बसवलं. दीड पान लिहून दिलंय.

राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, राष्ट्रपतींच्या हस्ते देतात. तुझी फाईल त्या वेळी टेबलावरून हलली नाही आणि तूही विचारायला गेली नाहीस. जाऊ दे, ते उगाळत नाही. हा सत्कार त्याच्यापुढं छोटाच आहे, शाल, श्रीफळ आणि एक मानपत्र. पण समोर पहिल्या वर्षाच्या मुली असणार, त्याच दिवशी दिवा हातात घेऊन शपथ घेणाऱ्या. त्यांनी तुला बघावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि 'मानपत्र घरीच आणून दे' म्हणत नाइटिंगेलबाईंचं उदाहरण देऊ नकोस. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटिश राजाचा मान मिळालेली पहिली बाई, पण तो मान घरी नेऊन द्यावा लागला, हे तूच वर्गात सांगायचीस. त्या ८७ वर्षांच्या होत्या, डोळे गेले होते. तू परवा पातेलं काढायला स्टुलावर चढलीस. मला कळतं सगळं.

गुडघ्याची काळजी करू नको. हॉल तळमजल्यावर आहे, स्टेजच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, मान्यवर खाली येऊन देणार, तसं कबूल करून घेतलंय. माझ्याकडं लिफ्ट आहे, बाथरूमात कमोड आणि धरायला दांडी बसवून घेतली. खोलीत पलंग उंच केलाय.

लहानपणी नाइट करून आलीस की तुझ्या पदराला स्पिरिटचा वास यायचा आणि मी त्यातच तोंड खुपसून झोपायचे. रिकामी सिरिंज देऊन मोसंबीला इंजेक्शन द्यायला शिकवलेलंस. 'दुखलं का गं तिला?' म्हणून मी मोसंबीवर फुंकर घालायची. तीच पोर आता लोकांच्या पोरींना रागावते.

आता ऐका. गाडी ११ तारखेला सकाळी सातला गडहिंग्लजला येईल, ऊन व्हायच्या आत निघायचं. निपाणीला थांबून पाय मोकळे करायचे. बीपीची फाईल आणि गोळ्यांचा डबा हातातल्या पिशवीत, डिकीत नाही. आबा, कोल्हापुरात आल्यावर मिसळ नाही, आणि शुगरची गोळी 'प्रवासात राहिली' हे चालणार नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला नेईन, पण भेळ वाटून खायची. आई, मोतिया रंगाची काठापदराची साडी घाल. पांढरी नको, युनिफॉर्म वाटतो म्हणून तू तीच काढशील. भाषण करायचं नाही म्हणालीस तर नको करू, पण मुलींनी काही विचारलं तर सांग. त्या विचारतीलच, मी सांगून ठेवलंय.

तुमची,
ताई