एका वेळी पाचच मावळे

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, रंगवायला बसावंसंच वाटत नाही. तुझ्या पावनखिंडीच्या खेळातली सगळी चिमुकली फौज, मावळे आणि सिद्दी जौहरचे सैनिक, थ्रीडी प्रिंटरमधून निघाली तशी राखाडीच टेबलावर उभी आहे म्हणे. अरे, एवढी पलटण रोज डोळ्यांसमोर ठेवलीस तर कुणाचाही हात गळेल. आधी ती खोक्यात भर. बाहेर फक्त पाच ठेव.

माझं माहेर कुंभाराचं, तुला माहीतच आहे. गणपतीच्या आधी घरात पाय ठेवायला जागा नसायची, तरी तुझे आजोबा सगळ्या मूर्ती एकदम रंगाला घ्यायचे नाहीत. थोड्या पुढं ओढायच्या, बाकीच्यांवर जुनी धोतरं टाकायची. अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. संध्याकाळी उठायच्या आधी उद्या पहिला हात कुठल्या रंगाचा ते ठरवून ती डबी आणि ब्रश वेगळा काढून ठेवायचे. सकाळी आल्यावर विचार करायचं काम नाही, बसलं की सुरू. तू ऑफिसातून दमून येतोस, तुला तर हे फारच उपयोगी पडेल.

तुमच्या या छंदात डोळे आधी करून घेतात, चुकलं तर भोवतीची कातडी परत रंगवता येते, हे तू सांगितलंस ते मला पटलं. पण २८ मिलिमीटरच्या शिपायाचे डोळे हातभर अंतरावरून दिसतात कुणाला? बाजीप्रभूंचे कर, मन लावून कर. बाकीच्यांना सपाट रंग, वर पातळ काळपट वॉश, तो पागोट्याच्या घड्यांत आपोआप उतरतो. वाळला की कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिकट हात, बास.

सगळेच पहिल्या नंबरचे करायला गेलास तर १३ जुलै, त्या लढाईचा दिवस, येईल आणि खिंड लढवायला माणसंच नसतील. मित्रांना त्या दिवशी खेळायला बोलावलंयस ना? मग तारीख हलवू नकोस. चतुर्थी कधी कारागिरासाठी थांबत नाही.

कंटाळा आला तर माणसं सोडून खिंडीचे खडक घे, त्यात हात मोकळा होतो. फक्त थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नकोस, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं. आधी फेविकॉलमध्ये काळा रंग कालवून जाड हात दे. पावसाळी हवेत माणसांनाही स्प्रेचं अस्तर नको, खरखरीत होतं, ब्रशनंच लाव. झाडीखालच्या पाचोळ्याला चहाचा चोथा धुऊन कडकडीत वाळवून वापर. ओला राहिला तर बुरशी धरेल.

बाबा म्हणतात, एवढा पगार घेऊन हा बाहुल्या रंगवतोय. म्हणू देत. दिवाळीत तुझ्या किल्ल्याला माती चाळून कोण देत होतं, ते मी विसरले नाही.

मामा रविवारी पुण्याला येतोय. पन्हाळ्याकडची तांबडी माती चाळून डब्यात भरली आहे, ती आणि भडंग त्याच्याकडं देते. आणखी काय हवं ते शनिवारपर्यंत कळव.

तुझी,
आई